नवा स्टार घेतलात, पण त्याला हरवणार कोण?

तुमची परिस्थिती मी अशी समजलो: मध्यम आकाराचं रेसलिंग प्रमोशन, म्हणजे आधी ठरवलेल्या निकालांच्या मॅचेसचे शो भरवणारी कंपनी, महिन्याला दोन शो, स्वतः घडवलेला तरुण चॅम्पियन आणि आता एकदम तीन नवे करार. पहिला चाळिशी ओलांडलेला, मोठ्या टीव्हीवर चॅम्पियन राहिलेला. दुसरी एमएमएमधून आलेली. नाव घराघरांत माहीत, पण रेसलिंगच्या मॅचेस बोटांवर मोजण्याइतक्या. तिसरा पंचविशीतला, दुसऱ्या प्रमोशनमध्ये गाजत असलेला. तुम्ही विचारलंत की तिघांना एकाच रात्री समोर आणावं का, आणि त्या माजी चॅम्पियनला लगेच बेल्ट, म्हणजे चॅम्पियनपद, द्यावा का. दोन्हींना माझं उत्तर ‘नाही’. दुसऱ्या ‘नाही’ला एक खरा अपवाद आहे, तो पुढे सांगतो.

एक प्रश्न मात्र तुम्ही विचारलेला नाही, आणि बुकिंगला, म्हणजे कोण कधी जिंकणार-हरणार ते ठरवायला, बसलो की मी सगळ्यात आधी तोच विचारतो. हा माणूस शेवटी कोणाकडून क्लीन, म्हणजे लबाडी किंवा हस्तक्षेप नसताना, हरणार आहे? नाव सांगा, साधारण महिना सांगा. सांगता येत नसेल तर पदार्पण पुढे ढकला. स्टार येतो तो स्वतःचं वजन घेऊन येतो, आणि तुम्ही पैसे मोजता ते त्या वजनाचे. करार संपला की तो ते घेऊन निघून जातो. मधल्या काळात त्यातलं जेवढं तुमच्या पोरांच्या पदरात पडलं, तेवढंच तुमच्याकडे उरतं. म्हणून मी कॅलेंडर उलटं लिहितो: आधी शेवटची हार, मग तिच्याआधीचं वैर, मग मधले विजय आणि सगळ्यात शेवटी पदार्पण.

हे मला आधीपासून कळत होतं असं नाही. सुरुवातीच्या वर्षांत एका प्रमोशनसाठी आम्ही एक नावाजलेला स्टार सहा शोसाठी आणला. लोकांना त्याला जिंकताना पाहायचं होतं, म्हणून पहिल्या पाच शोमध्ये मी त्याच्याकडून आमच्या पाच जणांना पिन करवलं. सहाव्यात त्याला कोणी हरवायचं ते तेव्हाचं तेव्हा बघू, असं मनात होतं. सहाव्या शोच्या आधी त्याला दुसरीकडून मोठी ऑफर आली आणि तो गेला. करारात त्याला अडवणारं काही नव्हतं. आमच्याकडे राहिले ते नुकतेच हरलेले पाच जण. पुढचं जवळजवळ वर्षभर मी त्या पाच जणांना पुन्हा उभं करण्यात घालवलं. त्या स्टारने काही वावगं केलं नव्हतं. शेवट न ठरवता सुरुवात मी केली होती.

मोठ्या प्रमाणावर हेच गोल्डबर्गच्या बाबतीत झालं. 22 सप्टेंबर 1997 ला डब्ल्यूसीडब्ल्यू या अमेरिकन कंपनीच्या नायट्रो या टीव्ही शोवर त्याने ह्यू मॉरसला हरवलं. तेव्हा त्याला फारसं कोणी ओळखत नव्हतं. डब्ल्यूसीडब्ल्यूने त्यानंतर जे केलं ते आजही शिकवण्याजोगं आहे. मॅचेस दोन-तीन मिनिटांच्या, बोलणं जवळपास नाही, स्पिअर आणि जॅकहॅमर हे त्याचे दोन डाव, विषय संपला. त्याला जे येत नव्हतं ते लोकांना दिसूच दिलं नाही. 6 जुलै 1998 ला जॉर्जिया डोममध्ये त्याने हल्क होगनला हरवून वर्ल्ड टायटल घेतलं. ही मॅच जेमतेम काही दिवस आधी जाहीर करून टीव्हीवर फुकट दाखवली, याची हळहळ मला अजून वाटते. पण खरी चूक पुढची. 27 डिसेंबर 1998 ला स्टारकेड या मोठ्या शोमध्ये स्कॉट हॉलने शॉक देणारं यंत्र वापरलं आणि केविन नॅशने गोल्डबर्गला पहिल्यांदा हरवलं. आठच दिवसांनी, 4 जानेवारी 1999 ला, होगनने छातीला बोट लावल्यावर नॅश आडवा झाला आणि बेल्ट होगनकडे परत गेला. वर्षाहून जास्त काळ जमवलेली ती विजयांची रांग कोणाच्या कामी आली? नॅशच्या नाही, होगनच्याही नाही. एखाद्या तरुणाला ती क्लीन दिली असती तर त्याच्या नावावर पुढची दहा वर्षं तिकिटं खपली असती.

याच्या उलट उदाहरण 6 एप्रिल 2014 चं. ब्रॉक लेसनरने रेसलमेनियातली, म्हणजे डब्ल्यूडब्ल्यूईच्या वर्षातल्या सगळ्यात मोठ्या शोमधली, अंडरटेकरची 21 विजयांची मालिका तोडली. स्टेडियम सुन्न झालं होतं. मालिका तुटायला हवी होती की नाही यावर वाद घालता येईल, आणि माझं स्वतःचं मतही अनेकदा बदललं आहे. पण बुकर म्हणून पाहायचं ते पुढे काय झालं हे. त्याच ऑगस्टमध्ये समरस्लॅमला लेसनरने जॉन सीनाला सोळा सुप्लेक्स मारून बेल्ट घेतला आणि ते लोकांना खरं वाटलं. खर्च झालेली गोष्ट कुठे गेली ते डोळ्यांना दिसत होतं.

आता पदार्पण. याबद्दल सगळे फार बोलतात, मी थोडकं बोलतो, कारण ते बहुतेकांना जमतं. दिवे घालवा, म्युझिक वाजवा, लोक ओरडतात. अवघड असतो तो सहावा आठवडा. ख्रिस जेरिकोचं डब्ल्यूडब्ल्यूएफमधलं (आजची डब्ल्यूडब्ल्यूई) 9 ऑगस्ट 1999 चं पदार्पण पाहा. आठवड्यांचं काउंटडाउन, शिकागोमध्ये शून्यावर येतं, रॉक रिंगमध्ये बोलतोय आणि हा त्याला मध्येच तोडतो. यापेक्षा चांगलं पदार्पण मी पाहिलेलं नाही. पण त्या रात्री रॉकसमोर उभा राहिलेला माणूस पुढचे कित्येक महिने रॉकसमोर नव्हता, मिडकार्डमध्ये, म्हणजे मधल्या फळीच्या मॅचेसमध्ये, फिरत होता. पदार्पणाच्या रात्री ज्याच्यासमोर उभा करता, त्याच्याशी मॅच द्यायची तयारी नसेल तर त्याच्यासमोर उभाच करू नका. जेरिको 9 डिसेंबर 2001 ला एकाच रात्री रॉक आणि ऑस्टिनला हरवून चॅम्पियन झाला, पण मधली दोन वर्षं त्याने स्वतःच्या जोरावर काढली. तितका दम प्रत्येकात नसतो.

स्कॉट हॉलचं जास्त अभ्यासा. 27 मे 1996 ला डब्ल्यूसीडब्ल्यूच्या शोमध्ये तो प्रेक्षकांतून चालत रिंगमध्ये आला, मॅच चालू असताना. स्वतःचं नावही सांगितलं नाही. दोन आठवड्यांनी नॅश आला. दोघांची पहिली मॅच थेट 7 जुलैला, बॅश ॲट द बीचमध्ये, आणि त्याच रात्री होगन त्यांना जाऊन मिळाला. पहिल्या पावलापासून पहिल्या घंटेपर्यंत सहा आठवडे. लोकांना ते लढताना पाहायचं होतं आणि त्यासाठी पैसे मोजावे लागले. तुमच्या माजी चॅम्पियनच्या बाबतीत मी असंच करीन: पहिल्या शोला तो येईल, कोणाला तरी डोळ्यांत डोळे घालून पाहील, जाईल. दुसऱ्या शोला बोलेल. मॅच तिसऱ्या शोला, नाव छापून, तिकीट लावून. छोट्या प्रमोशनला सरप्राइझचा मोह फार असतो. पण ज्याचं नाव जाहीर केल्यावर तिकिटं जातात, त्याला न जाहीर करता रिंगमध्ये लढवणं म्हणजे हातचं सोडणं आहे.

दुसऱ्याच्या गोष्टीत नव्या माणसाला कोंबू नका, हेही इथेच सांगतो. ब्रेट हार्ट 9 नोव्हेंबर 1997 च्या माँट्रियलच्या प्रकारानंतर (त्याला न सांगता निकाल बदलून त्याचा बेल्ट काढून घेतला होता) डब्ल्यूसीडब्ल्यूत आला तेव्हा रेसलिंगच्या जगात त्याच्याइतकी चर्चा कोणाची नव्हती. महिन्याभरात स्टारकेडला त्याला काय काम दिलं? आधी एका दुय्यम मॅचचा पंच, आणि मग स्टिंग विरुद्ध होगनच्या शेवटी हस्तक्षेप. स्टिंग वर्षाहून जास्त काळ न लढता छताजवळ उभा राहून त्या मॅचची वाट पाहत होता. खांदे टेकलेले असताना तीनपर्यंत मोजलं की हार; ते तीन आकडे पंचाने घाईने मोजले, म्हणून ब्रेट अन्याय थांबवतो, अशी कल्पना होती. पण ती मोजणी घाईची दिसलीच नाही. एका शेवटात दोन माणसांचं नुकसान झालं: स्टिंगचा विजय धूसर झाला आणि ब्रेट कारण नसताना मध्ये पडलेला वाटला.

तिघं एकाच रात्री का नको? 5 सप्टेंबर 2021 च्या एईडब्ल्यू या अमेरिकन कंपनीच्या ऑल आउट शोचं उदाहरण तुम्ही मनात धरलं असणार. त्या रात्री सीएम पंकने सात वर्षांहून जास्त काळानंतर पहिली मॅच लढली आणि शेवटी ॲडम कोल व ब्रायन डॅनियलसन काही मिनिटांच्या अंतराने आले. रात्र अविस्मरणीय होती, मान्य. पण ती का जमली ते नीट पाहा. पंक त्याआधीच, 20 ऑगस्टला, शिकागोच्या युनायटेड सेंटरमध्ये येऊन गेला होता. तिघांची कामं वेगळी होती: पंकसमोर तरुण डार्बी ॲलन, डॅनियलसनसाठी चॅम्पियन केनी ओमेगा, कोल आपल्या जुन्या मित्रांच्या गटात. डॅनियलसनची पहिली मॅच 22 सप्टेंबरला ओमेगाशी तीस मिनिटांची बरोबरी. त्यात चॅम्पियन लहान झाला नाही आणि नवा माणूसही. आणि एवढं सगळं असूनही, कोलच्या वाट्याला आलेली लाट पाचच मिनिटांत डॅनियलसनने गिळली, असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं. त्यांच्याकडे दर आठवड्याला टीव्हीचे तास होते. तुमच्याकडे महिन्यातून दोन संध्याकाळी आहेत. तिघांमध्ये किमान चार-चार शोचं अंतर ठेवा.

घाऊक आयात केली की काय होतं ते 2001 मध्ये दिसलं. डब्ल्यूडब्ल्यूएफने मार्चमध्ये डब्ल्यूसीडब्ल्यू विकत घेतली, पण सगळ्यात मोठी नावं आपापल्या जुन्या करारांमुळे आली नाहीत. जे आले ते झुंडीने आले आणि झुंडीत हरवले. डायमंड डॅलस पेज हा लोकांमधला, घाम गाळून वर आलेला नायक. त्याला अंडरटेकरच्या पत्नीचा पाठलाग करणारा म्हणून आणलं. लोकांना तो ज्या कारणाने आवडत होता तेच कारण पहिल्या दिवशी काढून घेतलं. नव्या माणसाचं काय बदलायचं यापेक्षा काय अजिबात बदलायचं नाही, ते आधी लिहून काढा.

आता बेल्टचा अपवाद. दोन्ही उदाहरणं न्यू जपान या जपानी कंपनीची आहेत आणि ती शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहेत. 27 डिसेंबर 1987 ला र्‍योगोकु कोकुगिकानमध्ये कार्यक्रमात ऐनवेळी फेरफार करून नव्या बिग व्हॅन व्हेडरला कंपनीचा संस्थापक अंतोनियो इनोकीसमोर उभं केलं आणि त्याने इनोकीला काही मिनिटांत हरवलं. प्रेक्षक चिडले, दंगल झाली, प्रमोशनला त्या सभागृहाचे दरवाजे काही काळ बंद झाले. व्हेडरमध्ये काही कमी नव्हतं. 1989 मध्ये तोच आयडब्ल्यूजीपी, म्हणजे कंपनीचा मुख्य, चॅम्पियन झाला आणि लोकांनी मानलं. फक्त त्या रात्री लोक वेगळ्याच मॅचसाठी पैसे देऊन आले होते.

काझुचिका ओकादाचं नेमकं उलटं. परदेशातून परतून 4 जानेवारी 2012 ला तो टोकियो डोममध्ये लढला तेव्हा स्वागत थंड होतं. 12 फेब्रुवारीला, चोवीस वर्षांच्या त्याच पोराने हिरोशी तानाहाशीला क्लीन हरवून बेल्ट घेतला. तानाहाशीने तोवर सलग अकरा वेळा तो राखला होता, विक्रम होता तो. लोकांना धक्का बसला, पण फसवल्यासारखं वाटलं नाही. कारण मॅच जाहीर होती, शेवट स्वच्छ होता, चॅम्पियन इतका भक्कम होता की एका हारेने त्याचं काही बिघडणार नव्हतं, आणि पुढचं ठरलेलं होतं. 16 जूनला तानाहाशीने बेल्ट परत घेतला, ऑगस्टमध्ये ओकादाने जी-वन ही कंपनीची मोठी स्पर्धा जिंकली, आणि त्या दोघांच्या वैरावर कंपनीने पुढची कित्येक वर्षं उभारली. ओकादाच्या शेजारी बोलायला गेडो होता, हेही विसरू नका.

तर बेल्ट लगेच द्यायचा असेल तर तो तुमच्या पंचविशीतल्या पोराला देण्याचा विचार करा, चाळिशीतल्या पाहुण्याला नको. त्याच्याकडून तो परत कधी आणि कोणाकडे जाणार ते ठरलेलं असेल, आणि तुमचा सध्याचा चॅम्पियन तानाहाशीइतका नाही तरी निदान सहा-आठ चांगल्या बचावांनी भक्कम झालेला असेल, तरच. तो नवा-नवा चॅम्पियन असेल तर थांबा.

एमएमएमधून आलेल्या खेळाडूबद्दल माझं मत ठाम आहे: पहिली मॅच टॅगची, म्हणजे दोघांविरुद्ध दोघांची. रोंडा राउझी 8 एप्रिल 2018 ला रेसलमेनियात पहिल्यांदा लढली तेव्हा तिच्या बाजूला कर्ट अँगल होता, समोर ट्रिपल एच आणि स्टेफनी मॅकमन. मॅचचं ओझं अँगल आणि ट्रिपल एच यांनी वाहिलं. तिला श्वास घ्यायला कोपरा होता, काय चाललंय ते पाहायला वेळ होता, आणि ती आत यायची ती लोकांना पाहायच्या असलेल्या नेमक्या गोष्टी करायला. त्या रात्रीची ती सगळ्यात आवडलेली मॅच होती असं म्हणणारे मला खूप भेटले. समोरच्या बाजूला सगळ्यात मोठं नाव देण्याची गरज नाही. सगळ्यात हुशार हात द्या, जो चुकलेली जागा प्रेक्षकांना कळायच्या आत सांभाळतो. आणि त्या हाताला आधी सांगा की तुझी निवड का झाली. असं काम फार कमी वेळा कौतुक मिळवतं.

नुसतं जुनं नाव आहे म्हणून लांब मॅच देऊ नका, हे माजी चॅम्पियनलाही लागू आहे. स्कॉट स्टायनर नोव्हेंबर 2002 मध्ये मॅडिसन स्क्वेअर गार्डनला आला तेव्हा छप्पर उडालं होतं. जानेवारी 2003 च्या रॉयल रंबलला त्याला ट्रिपल एचसमोर लांब टायटल मॅच दिली. त्याचं शरीर तितकं चालत नव्हतं, तेच तेच सुप्लेक्स येत राहिले आणि त्याच्यासाठी आलेले लोक त्याच्याविरुद्ध गेले. तीच मॅच आठ मिनिटांची असती तर? करार करण्याआधी त्याच्या मागच्या वर्षभरातल्या मॅचेस पाहा, गाजलेल्या जुन्या नव्हे, आणि तो किती मिनिटांनी मंदावतो ते लिहून ठेवा. मी घड्याळ लावून बसतो.

पंचविशीतल्या मुलाबद्दल भीती वेगळी आहे. तो दुसरीकडे जे कमावून आलाय ते तुमच्याकडे शून्य धरू नका. जुलै 2021 मध्ये कॅरियन क्रॉस एनएक्सटी या डब्ल्यूडब्ल्यूईच्या धाकट्या शोचा चॅम्पियन असताना रॉ या मुख्य शोवर आला, सोबत असणारी स्कार्लेट नव्हती, आणि जेफ हार्डीने त्याला दोन मिनिटांच्या आत हरवलं. वर्षाहून जास्त काळाचं काम त्या दोन मिनिटांत गेलं. याउलट एजे स्टाइल्स: 24 जानेवारी 2016 ला रंबलमध्ये, म्हणजे खेळाडू एकामागून एक उतरतात त्या मॅचमध्ये, तिसरा उतरला, रिंगमध्ये रोमन रेन्स उभा होता. तो रेसलमेनियात जेरिकोकडून हरला तेव्हा मीही चिडलो होतो. पण लगेच पुढे त्याला रेन्सशी टायटलसाठी लढवलं, ऑगस्टमध्ये त्याने समरस्लॅमला सीनाला हरवलं आणि 11 सप्टेंबरला तो चॅम्पियन झाला. आठ महिन्यांत तो हरला अनेकदा, पण प्रत्येक वेळी पुढची मॅच आधीच्यापेक्षा मोठी होती.

लोकांचा कौल तुमच्या कागदाविरुद्ध गेला तर कागद बदला. कर्ट अँगल 1996 चा ऑलिंपिक सुवर्णविजेता. 14 नोव्हेंबर 1999 ला आला आणि लोकांनी हुर्यो उडवली. कंपनीने ती दाबायचा प्रयत्न केला नाही, त्याला पदकांचा तोरा मिरवणारा हील, म्हणजे खलनायक, केला. वर्षाच्या आत तो डब्ल्यूडब्ल्यूएफ चॅम्पियन होता. तुमच्या माजी चॅम्पियनला तुमच्या घरच्या चॅम्पियनसमोर लोकांनी बू केलं, तर खूश व्हा. ते तुमच्या पोराला आपला मानतात.

लॉकर रूमबद्दल थोडकं. तिघांचे आकडे बाहेर फुटणारच आहेत असं धरून चाला. सध्याच्या चॅम्पियनला घोषणा सोशल मीडियावरून कळता कामा नये; त्याला आधी बसवून सांगा, आणि त्याच्या वाट्याला शेवटी काय येणार आहे तेही सांगा. करारात तीन गोष्टी पक्क्या करा: किती तारखा, त्यांतल्या शेवटच्या दोन तारखा कशासाठी राखीव, आणि मॅचच्या शेवटावर अंतिम शब्द कोणाचा. तिसऱ्या कलमावर पाहुणा अडला तर मी करार सोडतो, नाव कितीही मोठं असो.

आणि दुखापतीची सोय. कोडी रोड्स 2 एप्रिल 2022 ला डब्ल्यूडब्ल्यूईत परतला, सेथ रॉलिन्सशी एकच वैर, तीन मोठ्या मॅचेस, तिन्ही जिंकला. तिसरी 5 जूनला, छातीचा स्नायू फाटलेला असताना, अर्धं अंग काळंनिळं. त्यानंतर महिनोन्‌महिने तो नव्हता. तरी जानेवारी 2023 च्या रंबलला परत आला तेव्हा गोष्ट जिथे सोडली होती तिथूनच सुरू झाली, कारण दोन महिन्यांत तिला सरळ आकार मिळालेला होता. तुमच्या तिघांपैकी एक जण तरी पहिल्या सहा महिन्यांत काही आठवडे बाहेर बसेल असं मी धरतो. म्हणून प्रत्येकाच्या पहिल्या चार शोमध्ये एक पूर्ण गोष्ट होऊ द्या, सुरुवात आणि निकाल असलेली. माजी चॅम्पियनच्या चौथ्या शोचा निकाल आजच लिहा. समोर तुमचा चॅम्पियन असू दे. वेळ संपून बरोबरी, आणि घंटा वाजते तेव्हा पाहुणा चॅम्पियनच्या सबमिशनमध्ये, म्हणजे हार मानायला लावणाऱ्या पकडीत, अडकलेला. तिथून दोघांची पुढची मॅच लोक स्वतःच मागतील, आणि ती तुम्ही त्याच्या करारातल्या राखीव तारखांवर ठेवलेली असेल.